एकसष्टाव्या अंकातला खुनी

"सोळा पानं! अगं, शेवटची सोळा पानं गायब आहेत!" श्यामराव पेंढारकर हातातलं पुस्तक झटकत ओरडले.

"मी शेंगदाण्याच्या पुडीला फाडलेली नाहीत. आधीच सांगून ठेवते," स्वयंपाकघरातून वृंदाबाई म्हणाल्या.

पुस्तक म्हणजे पुण्याहून दरमहा येणाऱ्या 'गुप्तहेर शारंगपाणी' मालिकेचा एकसष्टावा अंक. या शारंगपाण्याला तपासात मदत करायला त्याच्या दिवंगत सासऱ्यांचं भूत येई, आणि ते येण्याआधी तपकिरीचा वास सुटे. कलकत्त्यातल्या अकरा मराठी घरांत मिळून अंक एकच यायचा आणि तो ठरलेल्या क्रमानं तीन-तीन दिवस फिरायचा. अकराव्या घराचं वाचून होईपर्यंत शेवटाबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, मग रविवारी मंडळाच्या बैठकीत त्या अकराव्यानंच खुनी जाहीर करायचा, असा कडक नियम होता. श्यामराव तारखात्यात नुकतेच बदली होऊन आलेले, म्हणून ते अकरावे. महिनाभर बिचारे "काय तो शेवट!" म्हणणाऱ्यांना चुकवत फिरले होते. आणि आता हे!

तणतणतच त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या मुकुंद वझ्यांचं दार ठोठावलं. वझे दहावे.

"मुकुंदराव, पानं कुठायत?"

"कसली?" वझे चहाच्या कपात बघू लागले. "शेवट फार थरारक होता हो."

"अहो, पण खुनी कोण?"

"नियम आहे ना, श्यामराव. मला धर्मसंकटात टाकू नका."

नवव्या मंदाकिनीबाईंनीही नियमावरच बोट ठेवलं. तेव्हा श्यामराव चिडून थेट पहिल्या घरी, दिगंबरपंतांकडे निघाले. पंत मंडळाचे चिटणीस आणि राहायला बेहालाला, म्हणजे श्यामरावांच्या डमडमहून शहराचं पार दुसरं टोक. लोकल झाली, ट्राम झाली, ट्राममध्ये छत्री राहिली.

"माझ्याकडेच अंक असा आला हो," दिगंबरपंत हळूच म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, दुसऱ्या घरून ओरड होईलच. कुणी ओरडलंच नाही! उलट जो तो म्हणतोय, काय शेवट! मग मीही म्हणायला लागलो."

"म्हणजे दहा घरांत कुणालाच...?"

"हळू बोला. पुण्याला पत्र टाकतो. पंधरा दिवसांत पानं येतील."

श्यामरावांच्या मस्तकात तिडीक गेली. महिनाभर ज्यांच्या भीतीनं कान झाकून हिंडलो, ते सगळे आपल्याइतकेच अडाणी! रविवारी एकेकाचं पितळ उघडं पाडायचं, असं ठरवूनच ते बैठकीला गेले.

एरवी तासभर उशिरा येणारी माणसं त्या दिवशी वेळेआधीच हजर होती. पंख्याखालची खुर्ची श्यामरावांसाठी राखून ठेवली होती. त्यांनी घसा खाकरला, तोच सत्तरीच्या शकुनताई म्हणाल्या, "सांगा हो एकदाचं! वीस दिवस डोळ्याला डोळा नाही." मग त्या जीभ चावून म्हणाल्या, "म्हणजे, पुन्हा ऐकायला बरं वाटतं."

म्हातारीच्या तोंडाकडे पाहून श्यामरावांचा सगळा राग पातळ झाला.

"कारभारी," ते म्हणाले. "खुनी कारभारी."

"तरी म्हटलंच होतं मी!" वझे ओरडले. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "सासऱ्यांच्या भुतानं तर तिसऱ्याच प्रकरणात सुचवलंय." मग सगळ्यांनी मिळून न वाचलेल्या शेवटाची अर्धा तास तारीफ केली.

निघताना शकुनताई जिना उतरायला श्यामरावांच्या दंडाला धरून उभ्या होत्या. तेवढ्यात दिगंबरपंत कानाशी आले.

"छुपे रुस्तम आहात! पानं मिळवलीत कुठून?"

शकुनताईंचे कान तिखट होते. श्यामराव नुसते हसले.

"बरं झालं. पुण्याला टाकायचं पत्र खिशातच राहिलं होतं," म्हणत पंतांनी त्याचे चार तुकडे करून जिन्याखाली टाकले. "आता कशाला त्यांना त्रास!"

"आज मेली झोप लागेल मला," शकुनताई म्हणाल्या.

"हो, लागेल," श्यामराव म्हणाले, आणि तुकड्यांकडे बघत एकेक पायरी उतरू लागले.