परबकाकांचा ब्रेक

परबकाका आमच्याकडे आले की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि ब्रेक दाबायचे. खुर्चीला ब्रेक नसतो, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. तरी बोलता बोलता त्यांचा उजवा पाय पुढे यायचा, चवडा फरशीवर दाबला जायचा आणि काका किंचित मागे रेलून गाडी थांबवायचे. ती नीट थांबली की मगच चहाचा पुढचा घोट.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहत. संपात गिरणी गेली आणि काका भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटले. पन्नाशी कधीच ओलांडलेली, जन्मात सायकल चालवलेली नाही, आणि या माणसाने ड्रायव्हिंग शिकायचं ठरवलं. म्हणजे तसं ठरवलंही नव्हतं. स्टेशनजवळच्या मोटर ट्रेनिंग स्कूलच्या पाटीवर दोन कोर्स होते: तीन महिन्यांचा, रोज वीस मिनिटं, आणि पंधरा दिवसांचा, रोज दोन तास. यातला कुठला घ्यावा, याचा विचार काका वर्षभर करत होते. लर्निंग लायसन्स दोनदा काढून झालं होतं. पहिलं विचारातच संपलं.

माझ्याकडे स्कूटर होती. एवढ्या गुन्ह्यासाठी बिल्डिंगने मला चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूतला तज्ज्ञ ठरवलं होतं. रविवारी सकाळी मी दाढीचा साबण लावला की काका हजर.

"पंधरा दिवसांत माणूस तयार होता काय रे? तू इचार करून सांग. घाई नाय." मग दारातून मागे वळून, "पण उद्यापर्यंत सांग."

मी एका रविवारी तीन महिने म्हणालो. काकांनी मान हलवली, "लांबता रे फार." पुढच्या रविवारी पंधरा दिवस म्हणालो. "भीती वाटता रे." तिसऱ्या रविवारी मी आवाज चढवून म्हणालो, काका, शिकूच नका. तेव्हा मात्र ब्रेकवरचा पाय त्यांनी मागे घेतला. मला वाईट वाटलं, पण साबण वाळत होता.

काकांना गाडी का शिकायची होती, ते मला ठाऊक होतं. परबकाकूंना एस.टी. लागायची. नुसता डिझेलचा वास आला तरी पोटात ढवळायचं. त्यांचं माहेर कणकवलीच्याही पुढे, आत, आणि कोकण रेल्वे अजून व्हायची होती. आठ वर्षांपूर्वी निघाल्या, त्या महाडलाच उतरून परतल्या. गावी त्यांची आई नव्वदीच्या पुढे, अंथरुणावर. काकांचा पुतण्या त्याची जुनी फियाट द्यायला तयार होता, पण चालवायला त्याला सवड नव्हती. "मग टॅक्सी करा ना," मी म्हणालो. काका म्हणाले, "दर घटकेक थांब म्हटलं की टॅक्सीवालो तोंड वाकडां करतलो. मग ही गप बसून सोसतली." हे सगळं मला पटत होतं. मला फक्त माझा रविवार परत हवा होता.

एकदाचा निकाल लागावा म्हणून मी त्यांना धरून ट्रेनिंग स्कूलवर नेलं. तिथल्या मास्तरांनी क्लच, गिअर, आरसा असं सगळं उत्साहाने समजावलं. काकांनी एकच विचारलं.

"चढावर थांबवून परत उचलूक कितव्या दिवशी शिकवतास?"

"ते पुढचं, काका. आधी गाडी चालवायची असते."

"थांबवची कधी?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या रस्त्याच्या खुणा वाचत होतो.

तळमजल्यावरच्या कांबळेने पंधरा दिवसांचाच कोर्स केला होता आणि आता कंपनीची व्हॅन झकास चालवत होता. त्यालाही काकांनी जिन्यात गाठलं. वळणं, ट्रॅफिक, रात्रीचे दिवे, यातल्या कशाबद्दलही विचारलं नाही. फक्त थांबवण्याबद्दल. हिसका न देता कशी थांबवायची, घाटात बाजूला कुठे घ्यायची. कांबळेला ऑफिसला उशीर झाला. नंतर तो मला म्हणाला, "यार, या माणसाला गाडी नको, स्टॉप पाहिजे."

मग काकांनी प्रकरण वर नेलं, थेट ग्रामदेवतेकडे. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. अडला प्रश्न देवापुढे मांडतात. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यालाच कौल म्हणतात. काकांनी गावच्या चुलतभावाला पत्र टाकलं. मी कपाळावर हात मारला. देवाने जमिनी वाटून दिल्या, लग्नं जुळवली, पण क्लचबद्दल त्याला कोणी विचारलं नसेल.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. चष्म्याची काडी मोडली होती म्हणून काका ते माझ्याकडे घेऊन आले. मी वाचलं: "देवान डावो कौल दिल्यान. दोनदा लावलो, दोनदा डावोच."

काकांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. मला तर हायसं वाटलं. पंधरा दिवसांना देवाने नाही म्हटलं, म्हणजे तीन महिन्यांचा कोर्स, विषय संपला. मी बायकोला चहा ठेवायला सांगितला. काका चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी कळलं, काकांनी पंधरा दिवसांच्या कोर्सात नाव घातलं. आता मात्र माझं डोकं फिरलं. मी त्यांना जिन्यातच अडवलं.

"काका, हद्द झाली. माझं नाही ऐकलंत, मास्तरांचं नाही. निदान देवाचं तरी ऐका. त्याने नाही म्हणून सांगितलंय ना?"

काकांनी कठड्याला हात टेकला. "कोर्साचा मी देवाक इचारूकच नाय रे. देवाक गाडीतला काय कळता?"

"मग काय विचारलंत?"

"म्हातारी तीन म्हयने रवतली काय, असा इचारलेलंय." एक पायरी उतरून म्हणाले, "हिका सांगू नको. चल, क्लासाक उशीर होता."

ते खाली गेले. मी तसाच उभा राहिलो. वर्षभर हा माणूस माझ्या खुर्चीत बसून एका बाजूला म्हातारीचे दिवस मोजत होता आणि दुसऱ्या बाजूला स्वतःची भीती. आणि मी साबण वाळतो म्हणून चिडत होतो. लाज वाटली.

पंधरा दिवस काका रोज घामाने भिजून यायचे. शेवटी मास्तरांनी त्यांच्या हट्टापायी एक अख्खी सकाळ त्यांना पुलाच्या चढावर थांबव-उचल करायला लावलं, मागच्या लोकांचे हॉर्न खात. टेस्ट पास झाले. एका पहाटे फियाट गेटातून निघाली. काकू पुढे, हातात लिंबू. मी हात केला, पण काका समोर बघत होते.

दहा दिवसांनी काकूंचं कार्ड आलं.

"आम्ही सुखरूप पोचलो. ह्यांनी वाटेत अठरा वेळा गाडी थांबवली. मला एकदाही लागली नाही, तसं सांगितलं तरी थांबवतच आले. आईने मला आवाजावरून ओळखलं. ह्यांना नाही ओळखलं. म्हणाली, ड्रायव्हरला आधी जेवायला वाढ, बिचाऱ्याने तुला सांभाळून आणली. ह्यांनी कोण ते सांगितलं नाही. पडवीत बसून जेवले."