खाली ठेवा मला

धडधाकट माणसाला झोळीत घालून चौघे जण लोणावळ्याच्या बाजारातून चाललेत आणि झोळीतला "खाली ठेवा मला, अहो खाली ठेवा!" म्हणून ओरडतोय, असं कधी पाहिलंय तुम्ही? मी पाहिलंय. वर तो माझाच भाडेकरू! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

डॉक्टर दातार. पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या साली पुण्याहून आले. डॉक्टर नावाचेच, गोळी म्हणून कुणाला दिली नाही. अचानक दुखणं उठलेला माणूस डोंगरावरच्या वाडीतून दवाखान्यात पोचतो कसा, वाटेतच का दगावतो, एवढाच त्यांचा अभ्यास. उभा जन्म त्यात घातला. लग्न नाही, कार्य नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, सकाळपासून शिंकतेय, काय घेऊ?" तर म्हणे, "वहिनी, पहिली शिंक आल्यावर हाक कुणाला मारलीत?" कपाळ माझं!

लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी होती. तिथली माणसं आजाऱ्याला गोधडीच्या झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन थेट दवाखाना गाठायची. वाटेत खाली टेकवायची नाहीत, कारण वाटेत विसाव्याला ठेवतात ते मढं. दमून पाय घसरायचे, झोळीसकट माणसं कोसळायची, पण ठेवायचं नाव नाही. डॉक्टरांनी निम्म्या वाटेवर जांभळीखाली दगडी ओटा बांधून घेतला. वाडीतला भिवा साफ म्हणाला, "डाक्तर, जित्या माणसाला असं टेकवत न्हाईत. लय वंगाळ."

"मग मला टेकवा!"

तिथून हे सोंग सुरू झालं. बाजाराच्या दिवशी स्वारी झोळीत पडायची, भर बाजारातून ओरडत निघायची, वाटेत ओट्यावर टेकवून घ्यायची आणि टुणकन उठून विचारायची, "मेलो का? नाही ना?" सगळे हसायचे. खरा आजारी मात्र तिथे कुणी ठेवला नाही. जेवताना घास हातात धरून डॉक्टर म्हणायचे, "वहिनी, त्यांचे खांदे पाहिलेत? सोलवटून निघालेत हो." मग डोळे पुसायचे आणि आमटी तिखट झालीय म्हणायचे. माझ्या आमटीला तिखट कसलं डोंबलाचं!

एका श्रावणात वाडीवरच त्यांच्या छातीत कळ आली. संध्याकाळी भिवा माझ्या दारात आला तो रडतच.

"मावशी, जांभळीपाशी आलो तर म्हनाले, खाली ठेवा मला. मन धजंना, पर शब्द मोडवंना. ठेवलं. दम घ्या रे, म्हनाले. आमी पानी प्यालो. उचलाया गेलो, तर डाक्तर न्हाईत."

"झालं!" मी ओरडलेच त्याच्यावर. "आता त्या ओट्यावर कुत्रंसुद्धा बसायचं नाही!" आणि ढसाढसा रडले. सारा जन्म ज्याच्यापायी घालवला, ते त्यांनी स्वतःच मरून मोडलं होतं. रक्ताचं कुणी आलं नाही. अग्नी भिवानेच दिला.

दिवाळीत त्या ओट्यावर पणती लावायला गेले होते. तेवढ्यात वरून झोळी आली. भिवाची सून, बाळंतपणाला अडलेली. मी बाजूला झाले. थांबणार नाहीत, ठाऊकच होतं.

"ठेवा खाली," भिवा म्हणाला.

"हितं? हितं तर डाक्तर गेले!" पुढचा गडी कचरला.

"म्हनूनच. डाक्तर हायेत हितं. त्यांच्या म्होरं तिला काय व्हायचं न्हाई. ठेवा. दम घ्या रे."

चौघांनी झोळी अलगद टेकवली आणि खांदे चोळत बसले. पोर कण्हत होती. मी तिला घोटभर पाणी पाजलं, आणि काय सांगू, तोंडातून आपसूक निघून गेलं, "बाळ, कळ आल्यावर हाक कुणाला मारलीस गं?"

"सासूला," ती म्हणाली.

ते ऐकायला तेवढा माझा वेडा डॉक्टर नव्हता.