कुशाबाईचं कागदी रुखवत

"पारगावचं पावणं तोंडात बोटं घालत्याल!" कुशाबाईने नवऱ्याला बजावलं. "असं रुखवत उभ्या आळे गावात कुणी बगितलं न्हाई!"

"बगायचं ऱ्हाऊ दे. खायला कायतरी ठेव," गेणभाऊ म्हणाला. पण नवऱ्याचं ऐकेल ती कुशाबाई कसली!

ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. तेव्हा घरात टाकाऊ असं काही नसेच. फुटक्या बांगड्यांची तोरणं व्हायची, भोपळ्याच्या बियांचे मोर व्हायचे. आज त्या गोष्टी ऐकल्या की जीव हळहळतो खरा! एकुलत्या एका लेकीचं, भागूचं लग्न ठरलं, तशी कुशाबाई जुन्नरला गेली. तिची मैत्रीण नजमुन्निसा कागद करणाऱ्या घरातली. तिने कातरणांचं हे भलं मोठं गाठोडं बांधून दिलं.

"लगद्यात मेथ्या वाटून घाल, कुशा," ती म्हणाली. "कसर लागायची न्हाई."

कुशाबाईने मेथ्या सढळ हाताने घातल्या. हत्ती झाला, पालखी झाली, तरी लगदा उरला. फेकायचा कसा? तिने त्याचे लाडूच वळले! वरून हळदीचा हात, डोक्यावर कलिंगडाची बी. शेजारी खरे मेथीचे लाडू ठेवले, तर तेच बापुडवाणे दिसू लागले.

लग्नादिवशी रुखवत वाजतगाजत जानवशावर गेलं. रीत अशी, की पहिला घास व्याह्याने घ्यायचा. त्यातून व्याही सावळाराम म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस! "वळखा बगू, खरा कंचा?" असं कुशाबाई विचारणार, तोच हलगी कडाडली आणि सावळारामने वास घेऊन सगळ्यात देखणा लाडू तोंडात टाकला.

तो चावू लागला. चावतच राहिला. हलगी थांबली, तरी तोंड थांबेना!

कुशाबाई पुढे धावली. व्याही उठून गेला, तर हळद लागलेली भागू घरात बसणार!

"पावणं, थुका! कागदाचा हाय त्यो!"

"आता सांगता व्हय? गिळला की म्या!" सावळाराम गरजला आणि जोडे शोधू लागला.

कुशाबाईने पदर पसरला. "चुकलं माजं. पर पोरीला शिक्षा नगा देऊ. ह्यो घ्या, खरा. सवता केलाय."

सावळारामने तो लाडू मोडून पाहिला. मोडेना. दाढेखाली धरला, तर कडकन आवाज झाला. गुळाचा पाक जरा जास्तच कढला होता, त्याने खरा लाडू दगड झाला होता. सावळाराम क्षणभर लाडवाकडे बघत राहिला, आणि मग पोट धरून हसतच सुटला!

"लई इब्लिस हायसा, विहीणबाई! पुन्यांदा फशिवता व्हय? ह्योबी कागदाचाच! पर ह्यो मातर म्या वळखला!"

सगळा जानवसा हसू लागला. सावळाराम पुन्हा ऐसपैस बसला. गेणभाऊने हळूच बायकोकडे पाहिलं.

"व्हय," कुशाबाई खाली बघत म्हणाली. "त्योबी कागदाचाच."