थंडी न वाजणारं घराणं

"थंडी वाजते ती काल आलेल्यांना. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घाटावरून घोड्यावर बसून बंगळूरला आले, ते काय शाली पांघरून?"

भगवंतराव हे दर डिसेंबरात म्हणत. साठ सालच्या डिसेंबरात मात्र त्यांनी त्यातून एक बेत काढला, आणि तो अंबूच्या वाट्याला आला.

अंबू त्यांची थोरली. बावीस वर्षांची, रंगानं काळी. रंगावरून दोन स्थळं परत गेलेली. तिसरं हेब्बाळचं होतं. मुलाचं नाव सयाजी. फोटोतला त्याचा चेहरा अंबूला आवडला होता. पण तेव्हा असं कुणाला सांगायची पद्धत नव्हती.

"रंगाला रक्तानं उत्तर द्यायचं," भगवंतराव म्हणाले. "दंडूतले, छावणीतले गोरे साहेब या दिवसांत अर्ध्या चड्डीत हिंडायचे की नाही? गोऱ्यांना थंडी वाजतच नाही. पाहुणे आले की दारं-खिडक्या सताड उघड्या, अंगावर लोकरीचा धागा नको. मग त्यांनाच कळेल, पोरीची कातडी उन्हानं रापली आहे, रक्त घाटावरचं आहे."

"आणि पोरीला पडसं झालं म्हणजे?" गोजराबाईंनी विचारलं.

"घाटावरच्या रक्ताला पडसं होत नाही."

गोजराबाई नवऱ्याशी वाद घालत नसत. करायचं ते करत.

सोमवारी साडेसातला राहुकाळ लागतो, म्हणून पाहुणे सातलाच आले. अंगणात धुकं होतं. आत गोजराबाईंनी लेकीच्या साडीखाली धाकट्या भावाचे दोन स्वेटर चढवले, वर पेलाभर मिऱ्याचा काढा पाजला. शेजारच्या सत्यवती अक्कांनी भिंतीला चुना द्यावा तशी पावडर थापली.

बाहेर भगवंतराव मलमलच्या सदऱ्यात बसले होते. त्यांचे दात शिवणयंत्रासारखे चालले होते.

"रावसाहेब, बरं नाही का?" सयाजीच्या आईनं शाल आवळत विचारलं.

"छे, छे. आ-आ-आनंदानं."

अंबू कॉफी घेऊन आली. दोन स्वेटर आणि काढा यांनी तोवर आपलं काम सुरू केलं होतं. कपाळावरून घामाचे ओघळ निघाले, आणि पावडर पावसातल्या चुन्यासारखी गालांवरून वाहू लागली.

"बाळ, एवढा घाम?"

"मला थंडी वाजत नाही," अंबूनं पढवलेलं सांगितलं.

सयाजीच्या आईनं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं. त्यांनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "माझे दीर असेच गेले," त्या हळूच म्हणाल्या. "आधी हुडहुडी, मग घाम. हिवताप."

सयाजी तेवढ्यात उठला. "ही खिडकी लावू का? मला वाजतेय," असं अंबूलाच म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली. अंबूनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. पुढच्याच क्षणी आईनं त्याला बाहीला धरून दाराबाहेर नेलं. कॉफी तशीच राहिली.

आठव्या दिवशी मध्यस्थ खंडोजी निरोप घेऊन आले. "मुलगी पसंत होती म्हणतात. रंगाचं त्यांना काही नाही, घरात सगळे तसलेच. पण हिवतापाचं घर नको म्हणाले."

भगवंतरावांनी हे तीन कांबळ्यांखालून ऐकलं. त्यांना खरोखरीचा ताप भरला होता.

संध्याकाळी कचेरीतले शेषगिरी समाचाराला आले. तव्यासारखा काळा माणूस, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट.

"थंडी नाही वाजत तुम्हाला?"

"स्वल्प."

"तुमचे पूर्वज कुठले हो?"

"इथलेच. का?"

भगवंतराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेषगिरी गेल्यावर कांबळ्याच्या आतूनच म्हणाले, "अंबू, वारा येतोय. ती खिडकी लाव."

अंबू जागची हलली नाही. आठ दिवसांत तिनं ती खिडकी कुणाला उघडू दिली नव्हती.

"लावलेलीच आहे, अण्णा," ती म्हणाली.