भिंतीला लावलेला पडदा

खोलीत पाऊल टाकताच रुख्माबाईंनी आधी पडदा सरकवला. पडद्यामागे भिंत होती.

नत्थूजींनी पुढं होऊन पडदा आणखी ओढून पाहिला. भिंतच होती, आणि चांगली पक्की. एवढ्या मोठ्या क्रूझवर पडदा लावायचा तो भिंतीला, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला कोपरापासून हात जोडावेत.

"तुमी म्हणलं होतं, उठल्या उठल्या समुद्र दिसन," रुख्माबाई म्हणाल्या.

"मले काय माहीत वं? नूपुरनं विचारलं, बाबा, खिडकीवाली खोली घेऊ का? मी म्हणलं, खिडकी तर राहतेच, तिचं वेगळं कायले सांगा लागते?"

नूपुर म्हणजे त्यांची सून. तिकिटं तिनंच मोबाईलवर काढली होती. रुख्माबाईंचा जन्म आधी हातमागावर आणि मग कापडाच्या दुकानात गेला, समुद्र काही त्यांनी पाहिला नव्हता. निघण्याआधी त्यांनी नागपुरात अख्ख्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं आणि सीताबर्डीहून काळा चष्मा आणला होता. वर डेकवर गेलं की समुद्र दिसत होता, नाही असं नाही. पण तो सगळ्यांचा. त्यांना आपल्या पलंगावरून दिसणारा हवा होता. त्यांनी चष्मा घातला, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं. नत्थूजींना फार वाईट वाटलं.

हा अबोला मोडला तो दुसऱ्या दिवशी, वासानं.

"काहीतरी मेलं इथी," रुख्माबाई म्हणाल्या.

नत्थूजींनी नाक वर केलं आणि लगेच खाली घेतलं. वास खरंच होता. बाथरूममध्ये पाहावं म्हणून ते गेले, तर तिथला वीतभर उंच उंबरठा अंगठ्याला लागला. परत येताना दुसऱ्या अंगठ्याला लागला. मग त्यांनी बसल्या जागेवरून फोन केला.

खोलीची व्यवस्था बघणारा पोरगा आला, त्याचं नाव कुशल. निघाला सावनेरचा.

"काकाजी, नागपूरचे का? मंग काळजीच सोडा," असं म्हणून त्यानं बाथरूमच्या जाळीत बादलीभर पाणी ओतलं, चादरी बदलल्या आणि खोलीभर मोगऱ्याचा फवारा मारला. त्यामुळं मोगऱ्याच्या मांडवात उंदीर मेल्यासारखा वास येऊ लागला. मग इंजिनिअर आला. त्यानं छताची फळी काढली, आत डोकं घातलं, अर्धा तास घाम गाळला आणि सांगितलं की दोष एसीच्या नळीत असावा. यांना दुसरी खोली द्या.

दुसऱ्या खोलीला खिडकी होती. परातीएवढी गोल, उघडत नव्हती, पण तिच्यात काठोकाठ समुद्र भरला होता. रुख्माबाई पलंगावर गुडघे टेकून बसल्या आणि काच नाकाला लागेपर्यंत पुढं झाल्या.

"बाप्पा, केवढा हाय हा," त्या म्हणाल्या. आणि मग, बऱ्याच वेळानं, "या ना, तुमी पन पाहा."

नत्थूजी शेजारी टेकले. गेल्या कित्येक वर्षांत ते इतके खूश झाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीतही वास आला. आता मात्र जहाजावर धावपळ उडाली. इंजिनिअरनं बाहेरच्या बोळातली सगळी फळकुटं उतरवली. 'सावकाश चाला' अशा पाट्या लागल्या, आणि त्यातल्याच एका पाटीला अडखळून एक बाई पडता पडता वाचल्या.

या गोंधळात नत्थूजी दुपारच्या जेवणाला एकटेच निघाले. रुख्माबाई खिडकी सोडायला तयार नव्हत्या. नत्थूजींनी कपाटातून प्रवासातली सफारी काढून अंगात घातली. जेवणाच्या रांगेत पुढचा माणूस दोन पावलं पुढं सरकला, मागचा चार पावलं मागं. शिंक आली म्हणून नत्थूजींनी रुमालासाठी खिशात हात घातला, आणि बोटं कशात तरी मऊ रुतली.

कांदा होता. उन्हाळ्यात नागपूरचा माणूस खिशात कांदा टाकल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, उन्हाची लू लागू नये म्हणून. स्टेशनावर जाताना त्यांनीही याच सफारीच्या खिशात टाकला होता. गाडीत तो उकडला, समुद्राच्या दमट हवेत पिकला, आणि पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत मालकाबरोबर मुकाट्यानं राहायला आला.

नत्थूजींना घासही गेला नाही. त्या बिचाऱ्या इंजिनिअरचं डोकं अजून छतातच होतं. आणि खरं सांगावं, तर पुन्हा ती भिंत. तरी ते खोलीवर आले आणि रुमालात गुंडाळलेला कांदा बायकोपुढं धरला.

"रुखमा, वास याचा येऊन राहिला. मी जाऊन सांगतो त्यायले. मंग जुनी खोली देतीन तर देतीन."

रुख्माबाईंनी कांद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि उठून आधी दाराची कडी लावली.

"कोणाले सांगतलं तर नाही ना अजून?"

"नाही."

"आताच कुशल येऊन गेला. म्हणे, काकू, इथंबी वास नाही गेला, तर संध्याकाळी वरच्या मजल्यावर गॅलरीवाली खोली देतो. समुद्राकडं तोंड करून दोन खुर्च्या हायेत म्हणे."

"पण रुखमा, तो इंजिनिअर..."

"त्याची माफी उद्या मागू, चहा पाजून. मी सोता मागतो."

त्यांनी नवऱ्याच्या अंगातली सफारी उतरवून घेतली, कांदा होता त्या खिशात ठेवला, सफारी कपाटात टांगली आणि कपाटाचं दार वीतभर उघडं ठेवलं. मग नाकाला पदर लावून त्या बॅग भरायला बसल्या.