पाल्यावरचा चहा

"कुकर कधी मोकळा होणार?" बायकोने दारातूनच विचारलं. आत यायची सोय नव्हती. स्वयंपाकघरभर गवताची पोती पडली होती.

"तो आता कुकर नाही, भट्टी आहे," नवरोबा म्हणाले.

लिफ्ट इन्स्पेक्टर म्हणून आयुष्यभर वर-खाली केल्यावर निवृत्तीत त्यांनी हिरव्या कचऱ्यापासून इंधन करायला घेतलं होतं. गवत, देठ, छाटलेले कोंब कुटून शिजवायचे, यीस्ट घालून आंबवायचे, मग कुकरला नळी लावून निघालेली वाफ थंड करायची. पिंपभर पाल्यातून बाटलीभर इंधन निघे. शेजाऱ्यांना कचरा टाकायला आयती जागा मिळाली आणि सगळी इमारत इन्स्पेक्टरसाहेबांचं तोंड भरून कौतुक करू लागली.

कौतुक नव्हतं ते मेहुण्याला. त्याचं गॅरेज होतं आणि त्याला कायम घाई असे. बहिणीकडे यायचा तो बूटही न काढता, उभ्याउभ्या चहा प्यायचा आणि सटकायचा. "दोन घटका बस की रे," म्हणून म्हणून ती थकली होती. तिला याचं फार वाईट वाटायचं.

त्या दिवशीही तो आला आणि नाक दाबून म्हणाला, "भाऊजी, यावर गाडी नाही पळायची. डास पळतील!"

"गाडीचं नंतर बघू. आज तुझा चहा यावरच उकळणार."

"शक्यच नाही. लावा पैज!"

"लावली. पण मधेच उठलास तर हरलास."

साहेबांनी बाहेरच्या खोलीत चहाचं आधण ठेवून बर्नर पेटवला. ज्योत इतकी फिकट, की पेटलीय का ते वाकून बघताना त्यांची अर्धी भुवई गेली. "पेटलंय!" ते आनंदाने ओरडले. पाणी मात्र ढिम्म.

थोड्या वेळाने मेहुण्याने बूट काढले. मग तो बसला, मग लोडाला टेकला. पहिली बाटली संपली, दुसरी लागली. गॅरेजचे फोन येत होते, पण हार कोण मानणार? बहिणीने त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, लेकीच्या नोकरीची केली. लहानपणी दोघांनी मिळून खाल्लेला मार निघाला आणि दोघं डोळ्यांत पाणी येईतो हसली. तिथेच जेवणंही उरकली.

शेवटची बाटली संपली तेव्हा पाणी जेमतेम कोमट झालं होतं.

"जिंकलो!" बूट चढवत मेहुणा म्हणाला. "पण ताई, वेळ कसा गेला कळलंच नाही गं. पुढच्या रविवारी पुन्हा येतो."

तो गेल्यावर साहेब उरलेली अर्धी भुवई चोळत बसले. "उद्यापासून बंद हे सगळं. फजिती झाली नुसती."

"बंद? खबरदार!" बायको म्हणाली. "रविवारपर्यंत चार बाटल्या तयार पाहिजेत मला. आणि हो, त्यात काही सुधारणाबिधारणा करू नका!"