नाकाच्या शेंड्यावरचं वैराग्य

माधवनगरच्या आर्जवीचा डावा डोळा दमला, की बाहेरच्या बाजूला पळायचा. डॉक्टरीणबाईंनी दोरीत ओवलेले तीन रंगीत मणी दिले होते. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं नाकाला धरायचं आणि लांबच्या मण्यापासून जवळच्या मण्यापर्यंत दोन्ही डोळ्यांनी मिळून यायचं. "रोज केलं तर ऑपरेशन टळेल अशी आशा आहे," असं त्या म्हणाल्या. तिच्या आईनं, त्रिशलानं, ती आशा पदराला गाठ मारून ठेवली. पोरगी मात्र दोन मिनिटांत डोळ्याच्या मागोमाग पळायची.

एकदा त्रिशलानं तिला दटावून पाटावर बसवलं. नेमक्या तेव्हाच शेजारच्या चंदनाकाकू विरजण मागायला आल्या. मांडी घातलेली, पाठ ताठ, समोर मणी आणि नजर नाकाच्या शेंड्यावर, अगदी बस्तीतल्या, म्हणजे जैन देवळातल्या, मूर्तीसारखी! काकूंनी हात जोडले.

"त्रिशला, पोरीला वैराग्य आलंय गं!"

"आवं काकू, डोळ्याचा व्यायाम हाय तो."

"घरची माणसं असंच म्हणत्यात. माया सुटत न्हाई."

विरजण राहिलं, बातमी गेली. संध्याकाळी गल्लीतल्या बायका नारळ, केळी, लाडू घेऊन हजर. तेवढ्यात आर्जवीचे वडील भरतेश दुकान उघडं टाकून धापा टाकत आले.

"गिऱ्हाइकं हात जोडाय लागल्यात! पोरगी दीक्षा घेणार आन् मलाच म्हाईत न्हाई?"

आर्जवी जागची हलली नाही. इतकी माणसं आपल्याला टक लावून बघतायत, याचा तिला लय आनंद झाला होता. तिन्ही मणी तिनं पुन्हापुन्हा केले. त्रिशला बघतच राहिली.

पण खोटेपणा बरा नव्हे. दुसऱ्या दिवशी त्रिशलानं घरोघरी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. बायका हिरमुसल्या, यायच्या थांबल्या. आर्जवीनं दोरी भिरकावली.

"बघायला कुणीच न्हाई, तर करू कशाला?"

डॉक्टरांची तारीख जवळ आली होती. पोरीच्या डोळ्याला कात्री लागू नये, म्हणून त्रिशलानं भिरकावलेली दोरी उचलून ठेवली. तिनं मनातल्या मनात जिनदेवाची माफी मागितली आणि वाटी घेऊन काकूंचं दार गाठलं.

"काकू, विरजण हाय का? आन् तुमालाच म्हणून सांगते, चिठ्ठी खरी हाय, पण पोरगी सकाळपास्नं लय गप गप हाय. कुणाला बोलू नका हं."

चार वाजता दारात चपलांचा ढीग पडला. आर्जवीनं मांडी घातली, दोरी नाकाला धरली. दोन्ही डोळे शहाण्यासारखे मण्यावर आले. बायकांनी हात जोडले.

तिनं नजर न हलवता हळूच विचारलं, "आई, आज लाडू कशाचं हायत?"